अ‍ॅपमध्ये सगळं हिरवं होतं

आजचा भाग छोटा आहे, आणि सुरुवात माझ्या फजितीपासून.

मागच्या महिन्यात मी कॅलरी मोजायचं एक अ‍ॅप घेतलं. एका सोमवारपासून पोळी-भात बंद, नुसती कडधान्यं आणि प्रोटीन पावडर. अ‍ॅपमध्ये सगळे आकडे हिरवे. गुरुवारी मात्र मी सकाळची मीटिंग अर्धवट सोडून बाथरूमकडे पळत होते. आई म्हणाली, "अगं, पोटाला सवय नको का?" मी हसले. मग जपानी रानउंदरांवरचं एक संशोधन वाचलं आणि हसू गेलं.

हा उंदीर शरद ऋतूत मिझुनारा नावाच्या ओकच्या बिया साठवून ठेवतो आणि खातो. बी स्टार्चने भरलेली. माझ्या अ‍ॅपला विचारलं तर फर्स्ट क्लास खाणं! पण तिच्यात टॅनिनही भरपूर. सुपारी चघळली की तोंड ओढल्यासारखं होतं ना, ते याचंच काम. टॅनिन प्रथिनांना चिकटतं. त्यामुळे अन्नातली प्रथिनं तर मिळत नाहीतच, वर शरीरातली जातात.

ताकुया शिमादा आणि सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांचे दोन गट होते. एकाला आधी 10 दिवस नेहमीच्या खाण्याबरोबर रोज साधारण 3 ग्रॅम बिया दिल्या, दुसऱ्याला अजिबात नाही. मग दोघांनाही 10 दिवस फक्त बिया. सवय नसलेल्या 14 पैकी 8 उंदीर मेले. सवय असलेल्या 12 पैकी फक्त 1. समोर खाणं होतं, आणि तरी मेले.

फरक कुठे पडला? एक, लाळेत. तिथली काही खास प्रथिनं टॅनिनला आधीच पकडून ठेवतात, आणि थोडं थोडं टॅनिन खात गेलं की ती वाढतात. दोन, आतड्यात. तिथले काही जीवाणू टॅनिन तोडतात. आमच्या भाषेत सांगायचं तर इनपुट तेच, पण ते घ्यायला सिस्टिम आधी तयार करावी लागली. ती एका रात्रीत होत नाही. (आईला हे अजून सांगितलेलं नाही.)

काहींनी तयारी दातांतच केलीय. अमेरिकेच्या वाळवंटात एक कांगारू उंदीर सॉल्टबुश या खारट झुडपाची पानं खातो. मीठ पानाच्या बाहेरच्या थरात साठलेलं असतं. हा पठ्ठ्या पान पुढच्या पायांत धरतो, पटाशीसारख्या रुंद, चपट्या खालच्या दातांनी तो थर तासून टाकतो आणि आतला हिरवा, ओलसर गर तेवढा खातो. त्याच भागात राहणाऱ्या दुसऱ्या जातीच्या कांगारू उंदराचे खालचे दात अरुंद, टोकदार. त्याला हे तासणं जमत नाही. पान समोर असलं तरी तो बियाच वेचत फिरतो.