टंचाईचा भार आणि श्रमिकांची करमणूक
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेले भाषण)



‘टंचाई आणि समता’ या विषयावर बोलताना मी कुत्र्यांच्या शर्यतींपासून आरंभ करणार आहे, हे ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले. ते स्वाभाविक आहे. परंतु समाजवादी शासनाची कसोटी मोठ्या राष्ट्रीयीकरणात लागते तितकीच अशा क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांतही लागते, असे माझे मत आहे.

प्रसंग ब्रिटनमधला, १९४७ सालचा. क्लेमंट ॲटली यांचे मजूर सरकार सत्तेवर होते. १ जानेवारी रोजी कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. खाणकामगारांच्या कित्येक पिढ्यांनी ज्यासाठी लढा दिला, तो हा दिवस. पण महिना संपण्यापूर्वीच कडाक्याची थंडी सुरू झाली. बर्फाने लोहमार्ग अडले, कोळशाच्या वाघिणी जागीच गोठल्या आणि वीजकेंद्रांतला आधीच अपुरा असलेला साठा झपाट्याने घटू लागला. ७ फेब्रुवारी रोजी इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांनी पार्लमेंटमध्ये जाहीर केले की, लंडन, आग्नेय इंग्लंड, मिडलंड्स आणि वायव्य भागातील कारखान्यांची वीज बंद होईल. घरांमध्येही सकाळी ९ ते १२ आणि दुपारी २ ते ४ वीज वापरता येणार नाही. लक्षावधी कामगार एकाएकी बेकार झाले. नियतकालिके बंद राहिली, बीबीसीचे दूरचित्रवाणी प्रक्षेपण थांबले, आणि ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींवरही बंदी आली.

या शर्यती म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे १९२६ साली विजेवर पळणाऱ्या कृत्रिम सशामागे कुत्रे धावले आणि पाहता पाहता हा खेळ औद्योगिक शहरांत सर्वत्र पसरला. तो संध्याकाळी, दिव्यांच्या प्रकाशात, गिरणीचा भोंगा झाल्यानंतर भरे. त्या काळी ब्रिटनमध्ये श्रीमंत माणूस आपल्या बुकीकडे टेलिफोनवरून उधारीने पैज लावू शकत असे. ते कायदेशीर होते. कामगाराने रस्त्यावर रोख शिलिंग लावला, तर १९०६ च्या कायद्यानुसार तो गुन्हा होता. कामगाराला घराजवळ, परवडेल अशा दरात आणि कायद्याच्या चौकटीत पैज लावता येईल अशी जागा म्हणजे प्रामुख्याने ही कुत्र्यांची शर्यत होती. जुगाराचे मी समर्थन करीत नाही. पण एकच कृत्य दिवाणखान्यात शिष्टसंमत आणि गल्लीत गुन्हा ठरत असेल, तर तेथे नीती नव्हे, वर्ग बोलत असतो.

फेब्रुवारीतील बंदी मला योग्य वाटते. कारखाने अंधारात असताना शर्यतीचे मैदान दिव्यांनी उजळणे कोणत्याही सरकारला शोभले नसते. त्यातून वाचणारा कोळसा थोडका असेल. पण ज्याच्या घरी चूल धड पेटत नाही त्याच्या डोळ्यांसमोर हा लखलखाट नको, हा विचार न्याय्यच होता.

प्रश्न पुढे उभा राहतो. थंडी ओसरली, विजेचे संकट सैल झाले. परंतु मार्चमध्ये सरकारने उत्पादनवाढीसाठी आठवड्याच्या मधल्या वारी होणाऱ्या खेळांवर बंधने आणण्याचे धोरण जाहीर केले. आता कारण इंधनाचे राहिले नव्हते. कामगार कामावर गैरहजर राहतो, हे कारण झाले. घोड्यांनाही झळ लागली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे: त्या वर्षीची ग्रँड नॅशनल शर्यत शनिवारी घेण्यात आली, डर्बीही शनिवारीच झाली. पण दुपारी भरणारी घोड्यांची शर्यत आणि काम संपल्यावर संध्याकाळी भरणारी कुत्र्यांची शर्यत यांना गैरहजेरीच्या एकाच तराजूत तोलणे कितपत तर्कशुद्ध होते? त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी कुत्र्यांच्या शर्यतींतील टोटवर दहा टक्के कर बसवला. घोड्यांच्या शर्यतींतील टोट मात्र त्यातून मोकळा राहिला. संकटकाळातील निर्बंध कसा हळूच नैतिक उपदेशाचे आणि मग वर्गभेदाचे रूप घेतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. आणि हे करणारे भांडवलशहांचे सरकार नव्हते, आपल्या विचारांचे होते. शिनवेल हे १९१९ साली ग्लासगोच्या कामगार लढ्यात तुरुंगवास भोगलेले गृहस्थ होते.

मूळ दोष दूरदृष्टीच्या अभावाचा होता. कोळसा कमी पडणार, असे इशारे १९४६ सालीच मिळाले होते. मंत्रिमहोदय निर्धास्त राहिले. ऑक्टोबर १९४७ मध्ये त्यांचे खाते ह्यू गेटस्केल यांच्याकडे गेले. नियोजनाची भाषा करणाऱ्या पक्षाचे नियोजनच चुकले आणि त्याची झळ सर्वांत आधी कामगाराच्या रोजगाराला, मग त्याच्या विरंगुळ्याला लागली.

आपल्याकडे वेगळे काय घडले? या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राच्या खेड्यांत रोज कित्येक तास भारनियमन असे आणि मुंबई बहुतांशी त्यातून मुक्त होती. तालुक्याच्या गावी माझे विद्यार्थी कंदिलावर अर्थशास्त्र वाचत, त्या वेळी महानगरातील जाहिरातींचे फलक रात्रभर उजळलेले असत. टंचाई निसर्ग आणील. तिची वाटणी मात्र माणूसच करतो.

म्हणून कोणताही निर्बंध येईल तेव्हा कार्यकर्त्याने तीन प्रश्न विचारावेत. त्याने खरोखर काही वाचते काय? त्याचा भार ऐपतीप्रमाणे वाटला आहे काय? आणि कारण संपताच तो उठेल, याची मुदत ठरली आहे काय? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर जनतेकडे त्याग मागण्यास संकोच करू नका. आपली जनता तो आनंदाने करते. एक जरी उत्तर नकारार्थी असेल, तर सरकार आपले असले तरी ते स्पष्टपणे सांगा. किंबहुना, आपले असेल तर आधी सांगा.