आयुष्याचा चातुर्मास

आठ मास संचार करणारा संन्यासी पावसाळ्यात एका स्थानी का थांबतो? त्या काळी भूमीवर असंख्य सूक्ष्म जीव प्रकट होतात. पायाखाली त्यांची हिंसा घडू नये, हा चातुर्मासाचा एक हेतू. जो थांबतो त्यालाच हे लहान जीवन दिसते. वार्धक्य हाही मनुष्याच्या आयुष्यातील चातुर्मासच होय.

आचार्य विनोबा भावे यांनी १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानाचा आरंभ केला आणि पुढील सुमारे तेरा वर्षे ते सहस्रावधी मैल पायी फिरले. १९७० साली, वयाच्या पंचाहत्तरीत, क्षेत्रसंन्यास घेऊन त्यांनी पवनारचा आश्रम हीच आपली सीमा मानली. तेथे ते अंगणातील काडीकचरा वेचीत. लक्षावधी एकर भूमी मागणाऱ्या हातांना हे काम उणे वाटले नाही.

घरातील वृद्धांना समईची वात वळण्यास वेळ लागतो, म्हणून तरुणांनी अधीर होऊ नये. ते थरथरते हात त्या क्षणाचे पूर्ण मोल देत असतात. वृद्धांनीही थकल्या पायांची खंत करू नये. प्रदक्षिणा मंदावली, तरी प्रत्येक पावलाशी देव तितकाच जवळ असतो.