काटा खाली, म्हणजे इंजिन थंड असं नाही

पापड, शेवया, भाजी बाजारात न्यायला आता कित्येक बचत गटांनी स्वतःची गाडी घेतली आहे. गाडी घेतली की गॅरेजचा खर्चही आलाच. बाई समोर दिसली की गॅरेजात आकडा जरा फुगतो, हेही आपण सगळ्याजणी जाणतो. म्हणून आज आम्ही इंजिनातल्या एका लहानशा भागाची माहिती सांगणार आहोत. त्याचं नाव कूलंट टेंपरेचर सेन्सर. म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी किती तापलंय ते सांगणारा.

हा सेन्सर बोटाच्या दोन पेरांएवढा असतो. बहुतेक गाड्यांत तो थर्मोस्टॅटच्या आसपास, इंजिनाला आटे देऊन बसवलेला असतो आणि त्याला वायरचा एक प्लग असतो. तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो की इंजिन गार आहे की तापलंय. त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो पेट्रोल किती सोडायचं आणि रेडिएटरचा पंखा कधी लावायचा. हिवाळ्यात पहाटे चूल पेटवताना काटक्या जास्त घालाव्या लागतात, एकदा जाळ धरला की कमी लागतात. इंजिनाचंही तसंच. पण सांगणाराच चुकीचं सांगायला लागला, तर पेटलेल्या चुलीत आपण काटक्या कोंबतच राहू.

आमच्या गटाच्या जुन्या पेट्रोल व्हॅनचं नेमकं हेच झालं. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी अकरावर आली. मागून काळा धूर, पेट्रोलचा वास. सकाळी चालू व्हायची, पण म्हसवडच्या बाजारात माल उतरवून परत किल्ली फिरवली की नुसतीच घरघर. आणि तापमानाचा काटा कधी मधोमध यायचाच नाही, कायम खाली. गॅरेजवाल्यानं इंजेक्टर, पेट्रोल पंप, वर इंजिनाचं काम असा अठरा हजारांचा अंदाज दिला. चौदा जणींच्या वर्षभराच्या बचतीतून ते पैसे जाणार होते. आम्ही म्हटलं, आधी तपासू, मग पैसे काढू.

तपासणी कशी करायची ते क्रमानं सांगतो.

पहिलं, इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी बघा. पाणी कमी असेल तर सेन्सर हवेत उघडा पडतो आणि खोटं सांगतो. मग सेन्सरचा प्लग काढून बघा. आत हिरवट गंज, सैल पिना किंवा उंदरानं कुरतडलेली वायर असेल, तर दोष तिथंच असू शकतो.

दुसरं, स्कॅनर. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो. रात्रभर उभ्या गाडीची सकाळी नुसती किल्ली चालू करा, इंजिन नाही. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. आमच्याकडे हवा 24 अंश आणि कूलंट 4 अंश दाखवत होतं. माणदेशात उन्हाळ्याच्या तोंडावर 4 अंश कुठून येणार?

तिसरं, गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून पुन्हा बघा. तापलेल्या इंजिनाचं कूलंट साधारण 80 ते 95 अंशांवर राहतं. आमचा स्कॅनर 41 म्हणत होता आणि रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावून ठेवता येत नव्हता. एवढी तापली म्हणजे थर्मोस्टॅट उघडा राहून इंजिन गार पडतंय असंही नव्हतं. खोटं बोलत होता तो सांगणाराच.

चौथं, वायरमनचा मीटर. आमच्या गटातल्या एका काकूंची सून आयटीआय शिकलेली आहे, तिनं ओहम मोजले. हा सेन्सर गार असताना वीज जास्त अडवतो, तापला की कमी अडवतो. बऱ्याच गाड्यांत 20 अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि 80 अंशांना तीनशेच्या आसपास येतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिसच्या पुस्तकात मिळतो. आमचा गार असताना पावणेपाच हजार आणि तापल्यावर अकराशे. दोन्ही वेळेला भलताच जास्त. वायर ठीक आहे का हे फिटर असं बघतो: प्लग काढला की स्कॅनरवर उणे 40 यावं, प्लगच्या दोन पिना तारेनं जोडल्या की आकडा एकदम वर जावा. काही गाड्या प्लग काढल्यावर स्वतःच ठरलेला आकडा धरतात, म्हणून हे जाणत्यानंच करावं.

नवा सेन्सर काहीशे रुपयांत आला. इंजिन गार करून बसवला, कूलंट भरलं, आतली हवा काढली, स्कॅनरनं जुना दोष पुसला. धूर थांबला, गाडी पुन्हा पंधरावर आली. अठरा हजार खात्यातच राहिले.

पण सख्यांनो, पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. काटा खाली बघून आमचा ड्रायव्हर खूश होता. खरं तर कॉम्प्युटरला इंजिन गार वाटत होतं म्हणून पंखाच लागत नव्हता. गाडी रस्त्यावर धावताना वारा लागतो, पण घाटात किंवा बाजाराच्या गर्दीत अर्धा तास अडकली असती, तर इंजिन आतून भाजलं असतं.

उलटही लक्षात ठेवा. काटा लाल रेषेवर गेला तर "सेन्सर बिघडला असेल" म्हणून पुढे दामटू नका. गाडी बाजूला घ्या, बंद करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. काही गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि कॉम्प्युटरचा वेगळा असतो, तेही विचारून घ्या. कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, सांडलेलं लगेच धुऊन काढा. पोरं, कुत्री, जनावरं सांभाळा.

गॅरेजात गेलात की एवढं विचारा: "दादा, गार इंजिनावर आकडा किती आला, तापल्यावर किती आला, आणि किती यायला हवा होता?" उत्तर गटाच्या वहीत लिहा, तारखेसह. रोजचं पेट्रोल आणि किलोमीटरही लिहा. पंधराचे अकरा झालेत हे आम्हाला वहीनंच दाखवलं. हिशोब ठेवणं आपल्याला नवं नाही. तीच वही आता गाडीतही ठेवू या.