कवितेला रोजचा दिवस पुरतो
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



खरं तर आम्ही भाषण करणारे नाही. पण मागच्या जयंतीला कविता वाचून झाल्यावर वस्तीतल्या एका मुलाने आम्हाला विचारलं, "काका, चौदा एप्रिल जवळ आली की मला कविता सुचते. बाकी वर्षभर काहीच सुचत नाही. रोज सुचायला काय करावं लागतं?" तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. त्याचं उत्तर आज सर्वांसमोर देतो.

वामनदादा कर्डकांची गाणी आपल्या घराघरांत आहेत. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत येऊन ते गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत राबले. एके दिवशी कुणीतरी पत्र वाचून द्या म्हणून त्यांच्यापुढे धरलं. वामनदादांना वाचता येत नव्हतं. ती लाज त्यांच्या मनाला लागली. मग ते अक्षरं शिकले आणि रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या जुळवून वाचू लागले. ३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिलं गाणं लिहिलं, तेही एका हिंदी गाण्याच्या चालीवर. पहिला संग्रह 'वाटचाल' आला १९७३ साली. मधली तीस वर्षं हा माणूस लिहीत होता, गावोगाव गात होता. १५ मे २००४ रोजी ते गेले, तोवर त्यांची गाणी हजारांच्या घरात गेली होती.

दुकानाच्या पाट्या सगळी मुंबई बघत होती. वामनदादांनी त्यातून अक्षर घेतलं. प्रेरणा म्हणतात ती याहून वेगळी नसते. जे सगळ्यांच्या समोर आहे, ते आपण थांबून बघायचं.

हे काही आजचं नाही. थेरीगाथेत त्र्याहत्तर थेरींच्या गाथा आहेत. त्यातली पटाचारा पाय धुते आणि सांडलेलं पाणी उताराकडे कसं वाहत जातं ते बघते. मग दिवा घेऊन आत जाते, सुईने वात खाली ओढते, दिवा विझतो आणि तिचं मन मुक्त होतं. मुत्ता थेरीच्या गाथेत तर उखळ आहे, मुसळ आहे आणि कुबडा नवराही आहे! पाणी, वात, उखळ, मुसळ. कोणत्या घरात नाही?

आता आपल्या डोलवीकडे बघा. धरमतरच्या खाडीला रोज भरती येते. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि भाताची जमीन पडीक होते. रात्री कंपनीची लाल धग आभाळावर दिसते. रात्रपाळी करून आलेला बाप आणि शाळेला निघालेली मुलगी दारात भेटतात, दोघांत दोनच वाक्यं होतात. त्या दोन वाक्यांत कविता नाही का?

एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कुणी राग मानू नये. जयंतीच्या आपल्या कविता एकमेकींसारख्या होतात. आमच्याही झाल्या. बाबासाहेबांना सूर्य म्हटलं, क्रांतीला मशाल म्हटलं, की कविता झाली असं आपण समजतो. आपल्याच जिल्ह्यातल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं. त्यावर जरूर लिहा. पण आपल्या घरचं पाणी कोण भरतं, किती वाजता उठून भरतं, हेही लिहा. ते पाणी त्या तळ्याला आपोआप जाऊन मिळेल.

तर मुला, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. एक साधी वही घे. झोपण्यापूर्वी दिवसभरात पाहिलेली एकच गोष्ट दोन ओळींत लिही. यमक शोधू नकोस. आई घरात जो शब्द बोलते तोच लिही. एखाद्या दिवशी "आज पाऊस होता, लाइट गेली" एवढंच लिहिलं जाईल. चालेल. रविवारी ते घरात मोठ्याने वाच. जिथे ऐकणारा मान वर करील, ती ओळ ठेव. बाकीची खोडली तरी हरकत नाही.

शेवटी आमच्याच घरची गोष्ट. आमची आई दुसऱ्याच्या शेतात भातलावणीला जायची. चिखलात उभी राहून भीमाची गाणी स्वतः रचून म्हणायची. मागून चार बाया झेलायच्या. आम्ही शिकलो, कविता लिहू लागलो, आणि प्रेरणा शोधायला पुस्तकं चाळत बसलो. आईचं एकही गाणं लिहून घेतलं नाही. ती गेली, गाणी गेली. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी ओळी टिपून घेतल्या, म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत. परक्या घरच्या बायांचं त्यांनी ऐकलं. आम्ही आमच्या घरात ऐकलं नाही.

ही चूक तुम्ही करू नका. ज्यांच्या आजी आज इथे बसल्या आहेत, त्यांनी घरी गेल्यावर त्यांच्याजवळ बसावं. आम्ही विहारासाठी एक कोरी वही आणली आहे. पहिलं पान मोकळं ठेवलं आहे. पहिलं गाणं कोणत्या माउलीचं येतं, याची आम्ही वाट बघतो.

एवढं बोलून आमचे दोन शब्द संपवितो. नमो बुद्धाय, जयभीम!