बंद दाराआडचं संग्रहालय



इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या जवळ डडली नावाचं गाव आहे. त्या मुलखाला ब्लॅक कंट्री म्हणतात. जमिनीखाली दगडी कोळशाचा जाडजूड थर आणि वर भट्ट्यांचा धूर. खिळे, साखळ्या, नांगर घडवून इथली माणसं पोट भरत. टायटॅनिक जहाजाचा मुख्य नांगरही याच भागात, नेदरटनला घडला. पुढे हे उद्योग बसत गेले. तेव्हा त्या कष्टकरी जगण्याची आठवण राहावी म्हणून एका धर्मादाय संस्थेनं ‘ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियम’ उभं केलं. १९७८ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं.

पाडल्या जाणार होत्या अशा कितीतरी इमारती वाचवून इथे पुन्हा बांधल्या आहेत. त्यांतली एक आहे जवळच्या क्रॅडली हीथ गावातली कामगार संस्थेची इमारत. १९१० मध्ये तिथल्या साखळ्या घडवणाऱ्या बायकांनी मेरी मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली दहा आठवडे संप केला आणि मजुरी जवळपास दुप्पट करून घेतली. संपनिधीतून उरलेल्या पैशांतून ही वास्तू झाली. साखळीचं काम संग्रहालयात डोळ्यांसमोर बघायला मिळतं. लालभडक सळई ऐरणीवर वाकवायची, आधीच्या कडीत ओवायची आणि दोन्ही टोकं हातोडीनं सांधायची. जुन्या काळचा पोशाख घातलेली माणसं हे करता करता तुमच्याशी बोलतात. हे संग्रहालय चालतं ते त्यांच्या बोलण्यावर आणि आलेल्यांच्या तिकिटांवर.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे दारं बंद झाली. तिकिटं थांबली, पण इमारतींची निगा थांबवता येत नव्हती. सरकारी मदत मिळाली, तरी लोकांशी जोडलेला धागा तुटू नये याची सोय संस्थेलाच करायची होती.

ऑगस्ट २०२० मध्ये हे संग्रहालय टिकटॉकवर आलं. आपल्याकडे त्याच वर्षी जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली होती, म्हणून हे आपल्या कानावर फारसं आलं नाही. तिथे मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या वेशातले आजोबा कॅमेऱ्यासमोर येऊन घरात अडकलेल्या तरुण पोरांना मायेनं धीर देऊ लागले. संग्रहालयाची पायरी कधी न चढलेली मुलं ऐकू लागली. पुढे फॉलोअर्सची संख्या दहा लाखांच्या वर गेली. नवं होतं ते माध्यम. समोरच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलायची हातोटी मात्र जुनीच होती, वर्षानुवर्षं प्रेक्षकांसमोर कमावलेली.

जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये पुन्हा टाळेबंदी लागली. त्या महिन्याच्या अखेरीस याच आवारात लसीकरण केंद्र सुरू झालं. सहल म्हणून जिथे यायचं, तिथे परिसरातले वयस्कर लोक लस घ्यायला येऊ लागले. संपकरी बायकांच्या निधीतून उरलेल्या पैशांतून समाजासाठी वास्तू उभी राहिली होती. तिचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनं अडचणीच्या काळात आपली जागा समाजाच्या कामी लावली. मला हे फार मोलाचं वाटतं.

वारसा जपायचा तर वास्तू आणि वस्तू जपायलाच हव्यात. पण दारं बंद झाली, तेव्हा संस्थेच्या उपयोगी पडली ती तिथली जाणती माणसं. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की आपल्याकडे अनेकदा पहिली गदा अशाच माणसांवर येते. हे बदलायला हवं.

श्रोते हो, पुण्याच्या तांबट आळीत आजही भांड्यांवर मठारकाम, म्हणजे हातोडीनं ठोके देण्याचं काम, होतं. तुमच्या गावातही बुरूड असेल, कुंभार असेल, हातमागावर बसणारी एखादी आजी असेल. येत्या रविवारी त्यांच्याकडे जा. त्यांची परवानगी घेऊन त्यांचं काम आणि त्यांचे शब्द मोबाइलवर नोंदवून ठेवा आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा शाळेला द्या. त्यासाठी पुढच्या संकटाची वाट पाहू नका.