फाटका टेलकोट, जाळीचा पडदा आणि काजळी

इअरफोन लावलेत? मग चला, आज जरा थंडीत जाऊ.

इंग्लंडच्या नकाशावर खाली डावीकडे एक लांबट टोक समुद्रात घुसलेलं दिसतं. ते कॉर्नवॉल. मासेमारीचा आणि कथलाच्या खाणींचा मुलूख. डिसेंबरात तिथे साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो. अशा अंधारात, नाताळपासून 6 जानेवारीपर्यंत, लोक सोंगं घेऊन बाहेर पडायचे. रस्त्यात नाचायचे, शेजाऱ्यांच्या घरात शिरायचे, छोटी नाटकंही करायचे. याला म्हणतात गाइझ डान्सिंग. गाइझ म्हणजे सोंग. काही जुन्या लिखाणात ‘गूझ डान्सिंग’ असंही सापडतं, पण त्यात पक्ष्यांचा काही संबंध नाही बरं का!

आता कपड्यांकडे येऊ, कारण मला खरी गंमत तिथेच वाटते. जुनी वर्णनं वाचली की पेटारा उघडल्यासारखं होतं. पुरुषांच्या डोक्यावर पिसं आणि रिबिनी लावलेल्या टोप्या. बायकांच्या डोक्यावर उंच निमुळत्या टोप्या, अंगात आजीच्या काळातले ताठ झगे, कोपरापासून लोंबणाऱ्या झालरी. कित्येकदा पुरुष बाईच्या वेशात, बाई पुरुषाच्या. रॉबर्ट हंट यांनी 1865 साली कॉर्नवॉलच्या लोककथांचं पुस्तक काढलं, त्यातही ही अदलाबदल आहे. आणि चेहऱ्यावर मुखवटा, नाहीतर जाळीदार लेसचा पडदा.

पेन्झन्स या गावात 2007 पासून ‘मोंटोल’ नावाचा उत्सव होतो. त्याचा मुख्य दिवस 21 डिसेंबर, म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. तिथे आजही हाच थाट. उंच काळी हॅट, टेलकोट, पार्टीचा गाऊन, आणि त्यावर चिंध्या, रिबिनी. साहेबाचा रुबाब अंगावर घ्यायचा आणि त्याच रुबाबाची फजिती करायची. म्हणजे बघा, मासे पकडणारा माणूस एका रात्रीपुरता जमीनदार. चेहरा झाकलेला, मग उद्या सकाळी कोण कुणाला जाब विचारणार?

पण थांबा. चेहरा लपवायचा आणखी एक स्वस्त उपाय होता. काजळी. तोंड काळं केलं की झालं.

गोष्ट अवघड होते ती इथे. कॉर्नवॉलमध्येच पॅडस्टो नावाचं बंदर आहे. तिथे 26 डिसेंबरला आणि 1 जानेवारीला लोक तोंडं काळी करून गात फिरायचे. त्या गाण्यांत अमेरिकेतल्या मिन्स्ट्रेल खेळांची गाणी मिसळली होती. मिन्स्ट्रेल म्हणजे गोऱ्या नटांनी तोंड रंगवून काळ्या लोकांची टिंगल करायची, असे खेळ. त्या दिवसाचं जुनं नावसुद्धा काळ्या माणसांना हिणवणारं होतं. गावकरी म्हणाले, आमचा हेतू तसा नाही, ही फक्त ओळख लपवायची जुनी रीत. त्यावर बराच वाद झाला. शेवटी नाव बदलून ‘ममर्स डे’ झालं.

मला दोन्ही बाजू ऐकू येतात. गावकऱ्यांचं प्रेम खोटं नाही. पण ती गाणी ऐकणाऱ्या काळ्या माणसाला हेतू दिसत नाही, त्याला रंगवलेलं तोंड दिसतं. टेलकोट घातला की हसू वरच्याकडे जातं, मालकाकडे. त्या गाण्यांसोबत काजळी फासली की तेच हसू आधीच दबलेल्या माणसावर पडतं. आणि लपायलाच हवं असेल तर लेसचा पडदा आहेच की! तोही परंपरेतलाच. म्हणजे परंपरा सोडायची गरजच नाही, पेटाऱ्यातून दुसरं काहीतरी काढायचं, एवढंच.

तर आज जाता जाता एक प्रश्न. तुम्ही एखाद्या कार्यक्रमात शेवटचं सोंग घेतलंत, तेव्हा लोक नेमके कुणाला हसले? विचार करा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, काळजी घ्या!