मोलाची पदवी आणि पदवीचे मोल

वैशाख संपत आला की शहरातील पुष्कळ घरांतून एकाच विषयाची चर्चा ऐकू येऊ लागते. मुलाने अथवा मुलीने व्यवस्थापनशास्त्राची प्रवेशपरीक्षा उत्तम रीतीने दिलेली असते. एका नामांकित संस्थेचे बोलावणे येते आणि त्याबरोबरच तिच्या शुल्काचा आकडाही येतो. आई देवापुढे साखर ठेवते. वडील भविष्यनिर्वाह निधीचे कागद काढून बसतात. आप्त, शेजारी, कचेरीतील स्नेही, सारे एकमुखाने सांगतात की, अशी संधी पुन्हा यावयाची नाही. हे सांगणारांपैकी पुढे हप्ता भरावयास मात्र कोणीही येणार नसतो. म्हणून या प्रश्नाचा विचार त्या घरानेच, आणि तोही शांत चित्ताने, केलेला बरा.

व्यापारशिक्षण मुंबईला नवे नाही. सिडनॅम कॉलेज १९१३ साली निघाले, आणि १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. व्यवस्थापनाच्या स्वतंत्र शिक्षणाचा विस्तार मात्र स्वातंत्र्यानंतरचा. दिल्ली विद्यापीठाने आपला व्यवस्थापन विभाग १९५४ साली काढला. कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाल्या आणि मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली. या सर्व ठिकाणांहून मोठमोठ्या उद्योगांचे चालक बाहेर पडले आहेत. तथापि आज अहमदाबादच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे शुल्क २५ लाखांच्या पुढे गेले आहे. दिल्लीच्या विभागाचे दोन-तीन लाखांत भागते आणि जमनालाल बजाज संस्थेचे अहमदाबादच्या एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. तेव्हा स्वस्त ते हलके हा लोकसमज येथे टिकत नाही.

मग अधिक पैसे देऊन नेमके काय पदरात पडते? हिशेबशास्त्र, विक्रयशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय सर्वत्र बहुतेक सारखेच शिकवितात. अधिक मिळते ते तीन प्रकारचे : तोलामोलाचे सहाध्यायी, नोकरी देणाऱ्या मोठ्या पेढ्यांची ये-जा, आणि संस्थेच्या नावाचा ठसा. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली असे दाखविले की, उमेदवाराची खरी योग्यता मालकास बाहेरून दिसत नसल्यामुळे तो पदवीकडे खूण म्हणून पाहतो. या कामगिरीबद्दल त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. म्हणजे ठशाला किंमत आहे, यात संशय नाही. परंतु ती कोणाच्या बाबतीत किती, हे पाहिले पाहिजे.

स्टेसी डेल व अ‍ॅलन क्रूगर यांनी अमेरिकेतील पदवी महाविद्यालयांविषयी केलेले संशोधन २००२ साली प्रसिद्ध झाले. सारख्याच तोडीच्या महाविद्यालयांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांपैकी जे कमी नामांकित ठिकाणी शिकले, त्यांची पुढील प्राप्ती इतरांइतकीच होती, असे त्यांना आढळले. अपवाद होता तो गरीब घरच्या मुलांचा. त्यांना नामांकित ठिकाणी शिकल्याचा लाभ झाला. हे संशोधन परदेशीचे व पदवी-शिक्षणापुरते आहे, हे खरे. पण त्याचा आशय आपल्याकडेही विचार करण्याजोगा आहे. ज्याचा मामा एखाद्या पेढीत अधिकारी आहे, त्याला ठशाची गरज थोडी. ज्याचे कोणीच कोठे नाही, त्याला ती सर्वांत मोठी; आणि कर्जाचे ओझेही सर्वांत जड त्यालाच. सारी अडचण येथे आहे.

ते ओझे केवढे, याचे गणित अवघड नाही. २५ लाखांचे कर्ज, दरसाल ९ टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे ३१,७०० रुपयांचा होतो. दहा वर्षांत सुमारे ३८ लाख रुपये परत करावे लागतात. शिक्षण चालू असतानाही व्याज चढत असते, ते वेगळेच. हेच कर्ज ६ लाखांचे असते, तर हप्ता सुमारे ७,६०० रुपयांचा राहतो. मोठ्या पगारातून मोठा हप्ता सहज जातो, हे म्हणणे बरोबर आहे. पण पगार दहा वर्षे अखंड मिळेल, हे त्यात गृहीत धरलेले असते. २००८ सालच्या मंदीने हे गृहीत किती कच्चे असते, ते पुष्कळांना शिकविले.

मोठ्या पगारांचे जे आकडे प्रसिद्ध होतात, तेही नीट वाचावयास हवेत. दहा विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना १२ लाखांची नोकरी मिळाली आणि एकाला १ कोटी २० लाखांची, तर सरासरी निघते २२ लाख ८० हजार. वस्तुतः तेवढा पगार दहांतील एकालाही नाही! म्हणून सरासरी न विचारता मध्यक विचारावा. शिवाय जाहीर झालेल्या रकमेतून महिन्याकाठी हाती प्रत्यक्ष किती पडतात, तेही विचारावे. जी संस्था शुल्क मोठे घेते, पण हा हिशेब देण्यास कचरते, तिचे दार न ठोठावणेच श्रेयस्कर. महाग आणि नाव नसलेली संस्था हीच सर्वांत वाईट निवड होय.

महाग आणि नामांकित संस्थेचे तसे नाही. ऐपत असेल, अथवा शुल्कात सवलत मिळत असेल, तर तेथे अवश्य जावे. अहमदाबादेसारख्या संस्थेत घरच्या उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती मिळू शकते. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारणाविना व जामिनाविना कर्जाची सोय आहे. पात्र असूनही संकोचापायी अर्ज न करणे हा स्वाभिमान नव्हे. होकार कळविण्यापूर्वीच ही सारी चौकशी पुरी करावी.

मात्र राहते घर तारण टाकल्याविना किंवा धाकट्या बहिणीच्या शिक्षणाची पुंजी मोडल्याविना जेथे शुल्क भरता येत नाही, तेथे विद्यापीठाचा मार्ग पत्करण्यात कसलाही कमीपणा नाही. कर्ज हलके असलेला पदवीधर अंगाला न मानवणारी नोकरी सोडू शकतो, थोड्या पगाराच्या पण आवडीच्या कामावर जाऊ शकतो, स्वतःचा लहानसा धंदा काढू शकतो. ज्याच्या डोक्यावर दरमहा बत्तीस हजारांचा हप्ता आहे, त्याला नाही म्हणण्याची सोय राहत नाही. ही मोकळीक कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते; पण तिशीच्या उंबरठ्यावर तिचे मोल कळते.

शेवटी, हा निर्णय ज्याने हप्ते भरावयाचे त्याच्यासमोर, सर्व आकडे मांडून झाला पाहिजे. बापाने कर्जाची रक्कम मुलापासून लपवू नये, आणि मुलाने बापाची पुंजी किती हे विचारण्यास लाजू नये. एका संध्याकाळी जेवणे उरकल्यावर सर्वांनी एकत्र बसून, कागदाच्या एका बाजूस शुल्क व व्याज आणि दुसऱ्या बाजूस घरातील इतरांच्या गरजा लिहाव्यात. त्यानंतर जो निर्णय होईल, तो महागाचा असो वा स्वस्ताचा, पुढे एकमेकांना दोष देण्याचा प्रसंग त्या घरावर सहसा येणार नाही.